लिंबाने घासलेली नखं

वैशाख लागला की रत्नागिरीत सगळ्यांना आंबा आठवतो. मला लिंबू आठवतं आणि डोकं तापतं. ऊन तर असतंच, त्यात हे.

गेल्या आठवड्यात स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायला गेले होते. पावसाच्या आधी गाडी एकदा दाखवून घ्यायची, ही माझी सवय. काउंटरवरच्या गृहस्थाने विचारलं, "मॅडम, प्रॉब्लेम काय आहे?" मी म्हटलं, "पुढचा ब्रेक सोडला तरी पूर्ण सुटत नाही, चाक धरून राहतं. केबल तरी कोरडी पडल्येय, नाहीतर आतली कॅम गंजल्येय." त्याने माझ्याकडे पाहून गोड हसत कॉम्प्युटरवर 'ब्रेक प्रॉब्लेम' एवढं टाइप केलं आणि विचारलं, "सरांचा नंबर द्या ना. काम झालं की त्यांना कॉल करतो." स्कूटर माझ्या नावावर. चालवते मी. खर्च माझ्या पेन्शनीतून. मी म्हटलं, "सर कोण?" तर तो आणखी गोड हसला. हे गोड हसणं ज्याने शोधून काढलं असेल त्याला एकदा भेटायचं आहे मला.

मग त्याने मला एसीत बसवलं. समोर मोठी काच आणि काचेवर 'ग्राहकांनी आत येऊ नये'. काचेपलीकडे एक जण कुणाच्या तरी गाडीच्या नटाला पाना सोडून पकड लावत होता. पकडीने नटाच्या कडा गोल होतात, पुढच्या वेळी तो नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही, हे मला इथे खुर्चीत बसून दिसत होतं आणि त्याला तिथे वाकून दिसत नव्हतं. मी काचेवर टकटक केली. त्याला वाटलं मला चहा हवा आहे. त्याने कुणाला तरी खूण केली आणि माझ्यासाठी चहा आला. तो मी प्यायले नाही.

आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. लाकडं फोडून पडवीत रचायची, कौलं चाळून घ्यायची, मिरच्या, मीठ, सुकी मासळी, आमसुलं भरून ठेवायची, आणि एकदा पाऊस बसला की चार महिने कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये असं घर करून ठेवायचं. आमच्या घरात ह्या यादीत एक जास्तीचं काम होतं. मोटरसायकलची आगोट. माझे वडील, म्हणजे अण्णा, ते शब्दही तसेच वापरायचे. "ह्या रविवारी गाडीची आगोट करू," असं म्हणायचे आणि शनिवारपासूनच आईच्या कपाळाला आठी पडायची.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात होते. डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे. पण गावागावांतून लोक त्यांना डाक्टरच म्हणत आणि ते कुणाला दुरुस्त करत नसत. देवरूखच्या अंगाला डोंगरातल्या वाड्या, कधी तर थेट गुहागरपर्यंत, अशी त्यांची फिरती असे. म्हशीला लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची. कोपरापर्यंत हात घाण करून घ्यायचे आणि विहिरीवर धुऊन त्याच हाताने चहाचा कप धरायचा. "हाताला लागलेलं पाण्याने जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य. "लाज बाळगायची ती हात न लावण्याची."

गाडी होती जुनी, दोन स्ट्रोकची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागे अशी. तांबड्या धुळीत आणि खाऱ्या वाऱ्यात असल्या गाडीचं लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. गॅरेजं होती तेव्हाही, चांगली दोन-तीन होती. पण गॅरेजात गाडी टाकणं म्हणजे अण्णांना घरच्या मुलाला दुसऱ्याच्या घरी जेवायला पाठवण्यासारखं वाटे. मिस्त्री घाईत असतो, त्याच्याकडे रोजच्या दहा गाड्या, त्याला आपली एक. मग तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार खुपसणार, पान्याच्या जागी पकड लावणार आणि संध्याकाळी पैसे घेऊन मोकळा होणार. हे सगळं ते ऑफिसात, लग्नकार्यात, एसटी स्टँडवर, कुणीही विचारलं नसताना सांगत. आमच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही, असं अभिमानाने म्हणत. मला त्या वाक्यात तेव्हा काही खटकत नसे. दुसऱ्याचा नाही म्हणजे आमचा, आणि आमचा म्हणजे त्यांचा आणि माझा, असा माझा हिशेब होता.

मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या डाव्या हाताला पाट टाकून बसायची. आधी नुसते नट सांभाळायचे. नारळाच्या करवंट्या ओळीने मांडलेल्या, एकीत मॅग्नेटोचे स्क्रू, एकीत कार्बोरेटरचे, आणि कुठला कुठल्या करवंटीत हे चुकलं की डोक्यात टपली. मग नारळाच्या सोडणाने गंज घासायचा. मग साखळी. ती रॉकेलमध्ये धुवायची आणि पत्र्याच्या डब्यात ग्रीस पातळ करून त्यात उकळायची. सायलेन्सरच्या आतली नळी काजळीने बुजलेली असे, ती थेट न्हाणीच्या चुलीत घालायची आणि लाल होईपर्यंत जाळायची. त्या दिवशी अंघोळीच्या पाण्याला असा वास येई की आई म्हणे, "आज सगळ्यांनी पेट्रोल पंपावर नाहायला जा."

कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला मधून सुईच्या टोकाहून बारीक भोक. तारेने साफ केलं तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते. अण्णा झाडणीतला एक हीर काढत, माडाच्या पातीतला, आणि पात्याने तासून तासून केसासारखा करत. हीर मऊ असतो, पितळेला ओरखडा उठत नाही. पण जरा जाड राहिला तर आत तुटतो, आणि मग बसा दिवसभर. ते तासणं मला त्यांच्याहून चांगलं जमायला लागलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. त्यांनी ते तोंडाने कबूल केलं नाही. नुसता हीर आणि पातं माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः विडी शिलगावली.

त्याच सुमाराला त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे लांबचं घारीसारखं दिसे, जवळचं पार पुसट. चाळीशी लावली असती तर संपलं होतं. पण चाळीशी लावायची म्हणजे म्हातारे झालो म्हणून दवंडी पिटायची! त्यांनी चष्मा करून आणला आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. मग मॅग्नेटोचं झाकण काढलं की ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट मीच बघायची. प्लग काढला की ते न बघताच हात डावीकडे लांब करत, मी तो घेई, फटीत पट्टी घालून बघे, घासे, परत त्यांच्या तळहातावर ठेवी. त्यांच्याकडून एक शब्द नाही, माझ्याकडून एक शब्द नाही. दोन वर्षं आमच्या गाडीतलं एकही बारीक काम अण्णांनी केलं नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला सांगायचं, हे मला सुचलंसुद्धा नाही. त्या वयात माणूस इतका मूर्ख असतो की विश्वासातलं आहोत ह्याचाच आनंद मानतो.

आता त्या वर्षाचा वैशाख. माझी बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मी आयटीआयचा अर्ज आणला. ट्रेड, मोटर मेकॅनिक. प्रवेश दहावीच्या गुणांवर होता आणि ते माझ्याकडे होते. खाली एक ओळ रिकामी होती, पालकांची सही. अर्ज द्यायची मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. अण्णा ओटीवर आंब्याच्या पेटीत पेंढा घालत बसले होते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो हात लांब करून धरला, वाचल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "पाहू."

बाहेरच्यांना सांगून ठेवते. आमच्याकडे 'नाही' म्हणणारा माणूस परवडतो, 'पाहू' म्हणणारा नाही. 'नाही'शी भांडता येतं. 'पाहू'शी कसं भांडायचं? ते तुम्हाला दारात उभं करून ठेवतं आणि आत घेत नाही. मी रोज विचारलं, रोज 'पाहू'. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी आकांत केला असता, जेवण सोडलं असतं, मामाला पत्र लिहिलं असतं. मी वाट पाहत बसले.

तेवढ्यात माझी आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला, कॉलनीत क्वार्टर, इंजिनिअर. मुलगा आणि त्याची आई आठ दिवसांनी बघायला येणार होते. आत्याने माझा हात धरून उजेडात नेला आणि किंचाळलीच. "काय गो हे! कोळसेवालीचे बरे. ही नखं घेऊन पाहुण्यांपुढे पोहे ठेवणार होत्येस? हात दाखवून अवलक्षण!" आणि मग अण्णांकडे वळून, "दादा, तुला काय कळतं की नाही? लग्नाच्या चेडवाला मिस्त्री करून ठेवलंस."

मी अण्णांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता ऐका, हाताला लागलेलं पाण्याने जातं.

अण्णा म्हणाले, "ह्या वर्षी गाडीला हात लावू नकोस."

"मग आगोट?"

"मी बघतो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी बाहेर काढली आणि शांताराम मिस्त्रीच्या गॅरेजात नेऊन टाकली. जन्मात पहिल्यांदा. मी पडवीत उभी होते. पाट तिथेच होता, करवंट्या कालच धुऊन उन्हात घातलेल्या. गाडीचा आवाज घाटी उतरून जाईपर्यंत मी ऐकत राहिले. माणसाने आपलं सगळं तत्त्वज्ञान उचलून गॅरेजात नेऊन दिलं, पैसे मोजायला तयार झाला, कशासाठी? तर माझी नखं पांढरी दिसावीत म्हणून. गायीच्या पोटात हात घालणारा माणूस! त्याला माझ्या हातांची लाज वाटली.

पुढचे आठ दिवस आत्याने माझ्या हातांची आगोट केली. आधी खोबरेल चोळायचं, त्याने ग्रीस सुटतं. मग साखर आणि लिंबाची फोड. मग रिठ्याचं पाणी. मग पुन्हा लिंबू. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माजघरात पेंढ्यात आंब्याची अढी लागलेली, घरभर पिकल्याचा वास, आणि माझ्या अंगाला मात्र लिंबाचा. नखांच्या कडेला जिथे पाना निसटून सोललं होतं तिथे रस झोंबायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. आत्या म्हणायची, "रडू नको, चार दिवसांनी आठवणार पण नाही." आत्याबाईंना जाऊन वीस वर्षं झाली आणि मला अजून आठवतंय.

चौथ्या दिवशी शांताराम मिस्त्री स्वतः गाडी घेऊन घरी आला. आडव्या अंगाचा, तोंडात पान, खाकी शर्टाचा पुढचा भाग ऑइलने काळा. गाडी अंगणात स्टँडवर लावून अण्णांना म्हणाला, "डाक्टरानू, गाडीत करण्यासारखा कायच नव्हता. साकळी उकाळली, केबलीला तेल दिला. पॉइंट बगितला तर फट बरोब्बर. जेट खोलला तर आत ओरखडा नाय. पंधरा वर्सं धंदा करतोय, घरात केलेली अशी गाडी बगितली नाय मी. हात कोनाचा ह्यो?"

मी पडवीत लिंबाची फोड बोटांत धरून बसले होते. चार हातांवर.

अण्णा म्हणाले, "माझाच. आमच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागत नाही."

आई आत होती, आत्या बाजारात. ऐकणारी मी एकटीच, आणि मी ऐकत्येय हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली नाही. मिस्त्रीने कौतुकाने मान हलवली, पैसे घेतले आणि गेला. मी फोड पिळली, ती इतकी पिळली की साल फाटली.

ह्या गोष्टीवर मी चाळीस वर्षं विचार केला आहे. स्वतःची गाडी स्वतः करावी की गॅरेजला द्यावी, ह्यावर माणसं आजही तावातावाने बोलतात. आमचे जावईसुद्धा बोलतात, मोबाइलवर व्हिडिओ बघून बोलतात. स्वतः केलं की गाडी कळते, आवाज ओळखू येतो, वगैरे. खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला विचारायचं आहे की हे 'स्वतः' म्हणजे नक्की कोण? पुरुष जेव्हा छाती पुढे काढून 'मी स्वतः करतो' म्हणतात तेव्हा त्या कामात आणखी कुणाकुणाचे हात असतात ते कधी मोजलंय? नट कुणी सांभाळले, चिंध्या कुणी धुतल्या, जळकट वासाच्या पाण्याने कोण नाहलं? गॅरेजवाला परवडला म्हणायचा. त्याला निदान मजुरी मिळते आणि दुकानावर त्याच्या नावाची पाटी असते. शांताराम मिस्त्रीच्या पाटीवर रंग उडाला होता, पण नाव वाचता येत होतं.

पाहुणे आले ते भर दुपारी. मुलगा आणि त्याची आई, मोटरसायकलवर. आमच्यासारखीच दोन स्ट्रोकची, जरा नवी. मी मोतिया रंगाची साडी नेसून पोहे आणले, मग कोकम सरबत आणलं.  मुलगा आढ्याकडे बघत होता. त्याच्या आईने मला जवळ बसवलं, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, पालथे केले, उताणे केले. "हात मऊ आहेत हो मुलीचे," त्या आत्याला म्हणाल्या. आत्याचा चेहरा असा फुलला की जणू ते हात तिने विणून तयार केले होते. एका अर्थी केलेच होते.

निघायची वेळ झाली आणि त्यांची गाडी सुरू होईना.

मी माजघराच्या खिडकीशी होते. मुलगा किक मारत होता, दहा, पंधरा, वीस. घाम निथळत होता. पेट्रोलचा वास खिडकीपर्यंत येत होता, म्हणजे पेट्रोल उतरत होतं. इंजिन फिरत होतं, पण एकदाही भुरकत नव्हतं. म्हणजे ठिणगी नाही. लांबून घाट चढून आलेली गाडी, ऑइल जास्त मिसळलेलं; प्लगच्या फटीत काजळीचा केस धरला असणार. आमच्याही गाडीला महिन्या-दोन महिन्यांनी व्हायचं ते. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा केस, पण तेवढ्यावर ठिणगी मरते. काढायला नखाचं टोक पुरतं.

अण्णा बाह्या सारून पुढे झाले. "थांबा, मी बघतो." प्लग काढला. उन्हात हात लांब करून धरला. फुंकला. रुमालाने वरवर पुसला. आणि मग, सवयीने, न बघता, प्लग धरलेला हात डावीकडे लांब केला.

तिथे कुणी नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, दोन क्षण असेल. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. अंगणात पाहुणे उभे, आत्या उभी, आई उंबऱ्यात, आणि ते डोळे मला बोलावत होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मी जाऊ शकले असते. दहा पावलं. प्लग घ्यायचा, नख फिरवायचं, परत द्यायचा. बघू देत त्या बाईला, बघू देत त्या इंजिनिअरला. लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं.

मी खिडकीतून मागे सरले. अंगात नुसती आग होती. म्हटलं, हात लावू नकोस म्हणालात ना? नाही लावत. हात माझाच म्हणालात ना? मग करा आता. आयुष्यात मी त्यांची आज्ञा इतकी तंतोतंत कधीच पाळली नव्हती, आणि पाळताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

अण्णांनी प्लग तसाच परत लावला. गाडी सुरू झाली नाही. मग ते आपल्या गाडीवरून गेले आणि शांताराम मिस्त्रीला मागे बसवून घेऊन आले. मिस्त्रीने प्लग काढला, डोळ्यांजवळ नेला, करंगळीचं नख फटीतून ओढलं, एक फुंकर मारली. पहिल्या किकला गाडी उठली. पाहुणे हसले. मिस्त्री मात्र हसला नाही. तो अण्णांना म्हणाला, "केस आला हुता. डाक्टरानू, ह्यो तुमाला दिसला नाय?"

"डोळ्यावर ऊन आलं," अण्णा म्हणाले.

मिस्त्रीने हात पुसले. पान चघळायचा थांबला. पडवीतला पाट, करवंट्या, सगळीकडे त्याची नजर फिरली आणि खिडकीच्या गजांवर येऊन थांबली. गजांवर माझे हात होते. त्याने माझ्या हातांकडे नीट पाहिलं. पांढरे, मऊ, लिंबाने घासलेले. त्याच्या मनात जे आलं होतं ते तिथेच पुसलं गेलं, मला दिसलं ते. तो गेला.

चार दिवसांनी होकार आला. पाऊस बसायच्या आत लग्न उरकलं. अर्जाची मुदत कधी उलटली तेही मला त्या गडबडीत कळलं नाही. माझा नवरा वाईट माणूस नाही, हे इथे लिहून टाकते, कारण लोकांना अशा लिहिण्यातून लगेच छळाचा वास येतो. त्याने कधी हात उगारला नाही, नोकरीला आडकाठी केली नाही. गाडी मात्र त्याने नेमाने गॅरेजला दिली. एकदा मी म्हटलं, "तुम्ही बघायला आलात तेव्हा प्लगमध्ये केस होता, मला आतूनच कळलं होतं." तो मनापासून हसला. "तुला कुणी सांगितलं?" म्हणाला. मी पुन्हा विषय काढला नाही. आजही तो ही गोष्ट आली की हसतोच.

लग्नानंतर गणपतीला माहेरी आले तेव्हा पडवीतली जागा रिकामी होती. तिथे लाकडं रचलेली. "गाडी?" मी विचारलं. अण्णा मखराला रंगीत कागद लावत होते. "विकली," म्हणाले. "आता कोण बघणार तिच्याकडे?" मी म्हटलं, "गॅरेजला द्यायची." ते म्हणाले, "छे. दुसऱ्याचा हात?" आणि कागदाची कड दुमडत राहिले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी एसटीने फिरती केली. पावसात, लसीची पेटी मांडीवर घेऊन, दोन-दोन तास फाट्यावर उभं राहून. आई म्हणायची, "तुझ्या लग्नानंतर खचले गो ते." मला त्यांची कणव यायला हवी होती. मला राग आला. ज्या हातांशिवाय ह्या माणसाचं चालत नव्हतं तेच त्याने घासूनपुसून, पोह्यांच्या बशीसकट, दुसऱ्याच्या घरी पाठवले होते, आणि आता मखर सजवत तो मलाच विचारत होता कोण बघणार म्हणून.  त्या दिवशीही नाही बोलले. त्या खिडकीत मला गप्प राहायची चटक लागली ती लागलीच.

अण्णा गेले. शांताराम मिस्त्री त्यांच्याही आधी गेला. दहाव्याला आलेल्या लोकांनी अण्णांबद्दल खूप चांगलं सांगितलं. गाय कशी सोडवली, पुराच्या पाण्यातून कसे आले, आणि हो, गाडी कशी स्वतःच्या हाताने आरशासारखी ठेवायचे. सगळे माना डोलवत होते. मी चहाचे कप गोळा करत होते.

आता घरातले सगळे म्हणतात, एवढं वय झालं तुझं, गेलेल्या माणसावर राग धरू नये. भाचा म्हणतो, धाकटी जाऊ म्हणते, परवा डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, ब्लडप्रेशरसाठी. मी ऐकून घेते. पण मी तो सोडणार नाही. त्या वैशाखात मला एक काम येत होतं, चांगलं येत होतं, माझ्या बापाहून आणि गॅरेजवाल्याहून चांगलं, हे माहीत असलेलं माझ्या रागाखेरीज आता जगात कुणी उरलेलं नाही.